उरवड्याची जीप भरेपर्यंत

अप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सर्वांत जास्त कोण रडलं, याचा निकाल कुणी जाहीर केला नाही. केला असता तर पहिला क्रमांक गोजराबाईंना गेला असता आणि मला, म्हणजे दिवंगतांच्या एकुलत्या एक मुलीला, फार तर उत्तेजनार्थ मिळालं असतं. मी मुळात चारचौघांत रडणारी नाही. वंदना झाली, भन्तेजी बोलले, अप्पांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, तोवर मी खुर्च्या कमी पडतायत का ते पाहत होते. एवढ्यात मागच्या रांगेतून गोजराबाईंनी असा हंबरडा फोडला की भन्तेजीसुद्धा क्षणभर थांबले. मग आलेले लोक सांत्वनाला उठले आणि थेट त्यांच्याकडे गेले. माझ्या आत्येबहिणीनं त्यांच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला. तोच हात नंतर माझ्याही पाठीवरून फिरला, पण तोपर्यंत त्यातला जोर संपला होता.

गोजराबाई आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. ही सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासरची भातखाचरं होती. बिल्डरनं जमिनीपोटी त्यांना दोन फ्लॅट दिले. एकात त्या राहतात, दुसऱ्यात हिंजवडीला नोकरी करणारी मुलं भाड्यानं. नांदे गावातलं जुनं घराणं असल्यामुळे त्या सोसायटीच्या बागेत गुलाबांच्या मधोमध मेथी लावतात आणि त्यांना कुणी काही बोलत नाही. सगळी सोसायटी त्यांना मावशी म्हणते. मी गोजराबाई म्हणते.

त्या इतक्या का रडल्या, हे मी नंतर त्यांच्या हाती चहाचा कप देऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, सायेब, म्हणजे अप्पा, आणि त्या रोज बरोबर जायचे.

रोज. अप्पा माझ्याकडे राहत होते. सकाळी मी कॉलेजला निघाले की ते म्हणायचे, जरा पाय मोकळे करून येतो. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझं काम शांतता राखण्याचं, आणि ती भंग करायला ग्रंथालयात कुणी येतच नाही, त्यामुळे नोकरी निर्वेध चालली आहे. संध्याकाळी परत यावं तर अप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत असायचे. दिवसभरात त्यांचे पाय इतके मोकळे होत असतील, अशी मला शंकाही आली नव्हती.

"कुठे जायचात तुम्ही?" मी विचारलं.

"कुटं न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "पिरंगुटला जायचो. बसायचो. यायचो."

हे उत्तर मला टाळाटाळीचं वाटलं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, कारणाशिवाय कधी खिडकीसुद्धा न उघडणारा माणूस पिरंगुटला जाऊन नुसता बसेल? आणि बसायला पिरंगुटच्या चौकात आहे काय? कंटेनर, डंपर, आणि त्या दोघांमधून वाट काढणारे दुचाकीवाले. पण पिरंगुटच्या पुढे उरवडे आहे आणि उरवडे हे अप्पांचं जन्मगाव. तेव्हा अप्पा मला न सांगता, गोजराबाईंना बरोबर घेऊन रोज आपल्या गावाला जात होते, असा निष्कर्ष मी काढला. तो निष्कर्ष माझ्याबरोबर जेवायला बसू लागला.

मला सर्वांत जास्त लागलं ते गाडीमुळे. मी चारचाकी घेतली ती अप्पांसाठी. मला स्कूटर पुरत होती. गाडीत अप्पा दारावरचं हँडल धरून, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसावं तसे बसायचे. उरवड्याला जाऊ या का, म्हटलं की म्हणायचे, कशाला उगाच तुझं पेट्रोल. आणि इथे भर उन्हात बस, टमटम आणि जीप करून, एका मेथीवालीबरोबर.

मी ठरवलं, की अप्पा ज्या वाहनांनी जायचे त्याच वाहनांनी जायचं, ते जिथे जायचे तिथे पोचायचं आणि गोजराबाईंना याचा पत्ता लागू द्यायचा नाही. अप्पांबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं त्याहून निदान थोडं जास्त मला माहीत असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. मुलीच्या बाजूनं ही काही फार मोठी मागणी नाही.

रजा टाकली. पण आमच्या सोसायटीत एखादी गाडी सकाळी जागची हलली नाही तर ती बातमी होते. सोसायटीचे सेक्रेटरी निरंजन कुलकर्णी दार वाजवून आत आले आणि गाडी बिघडली का विचारलं. मी म्हटलं, नाही, मी बसनं जाणार आहे. त्यांचा चेहरा एकदम हळवा झाला. दुःखात माणूस असं काहीतरी करतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं असावं. त्यांनी बसचं ठिकाण दाखवणारं अ‍ॅप माझ्या फोनवर घालून दिलं, टोपी न्या म्हणाले, पर्स पुढे धरा म्हणाले, आणि जाता जाता अतिशय नाजूकपणे विचारलं, की गाडी आता वापरात नसेल तर पार्किंगची जागा पाहुण्यांसाठी ठेवायची का. दुपारपर्यंत ग्रुपवर तसा ठरावही आला. त्याला अंगठे दाखवणाऱ्यांत गोजराबाईही होत्या. त्या प्रत्येक संदेशाला अंगठा दाखवतात, त्यांनी अप्पांच्या निधनाच्या संदेशालाही दाखवला होता, हे मला माहीत आहे. तरीही.

पहिल्या दिवशी मी बसथांब्याच्या शेडमध्ये उभी राहिले. शेड नवी होती, तिच्यावर तीन पुढाऱ्यांचे हसरे फोटो होते आणि आत कुणाची तरी बांधकामाची वाळू होती. मी वाळूच्या कडेला, फोटोंच्या खाली, शिस्तीत उभी होते. फोनमध्ये बस ठिपक्याच्या रूपानं जवळ आली, माझ्यावरून गेली आणि लांब गेली. प्रत्यक्षात ती पलीकडच्या उंबराखाली थांबून गेली होती. सगळं गाव उंबराखालीच उभं राहतं. शेड झाली म्हणून उंबर काही हललेला नाही, असं एका बाईनं मला समजावलं.

दुसरी बस मी उंबराखालून पकडली, धावत, आणि बसायला जागा मिळाली या आनंदात पाटी वाचायची राहिली. ती हिंजवडीला निघाली होती. आयुष्यभर लोकांना पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचून पुस्तक उचलायला सांगणाऱ्या मीच हे करावं. गळ्यात पट्टे अडकवलेल्या मुलांच्या लोंढ्याबरोबर मी उतरले आणि परतीसाठी सहा आसनी रिक्षा गाठली. सहा आसनी हे नाव कुठल्या गणितानं पडलं ते माहीत नाही. मागे सगळी आसनं केव्हाच भरली होती, म्हणून मला चालकाच्या शेजारी, त्याच्याच आसनाचा उरलेला भाग मिळाला. चालक बिहारकडचा होता, अतिशय सभ्य. "मॅडम, थोडा तिरछा बैठिए," तो म्हणाला, आणि मी तिरकी बसले. प्रत्येक वळणावर त्याचं कोपर माझ्या बरगडीत यायचं आणि तो सॉरी म्हणायचा. वाटेतल्या फाट्यापर्यंत त्यानं इतक्या वेळा क्षमा मागितली की शेवटी मला अपराधी वाटू लागलं. तिथून पुढे दुसऱ्या टमटममध्ये मेंढीच्या पिल्लाशेजारी. घरी आले तेव्हा गोजराबाई मेथी खुडत होत्या. माझ्या साडीवरच्या लेंड्यांकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मात्र पिरंगुटला पोचले. चौकाच्या कडेला उरवड्याकडे जाणाऱ्या जीपा लागतात. पहिल्या जीपचा चालक, कैलास त्याचं नाव, बोनेटला टेकून गिऱ्हाइकांना हाका मारत होता. पांढरा शर्ट, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं, असे एक वृद्ध गृहस्थ इथे यायचे का, असं मी विचारल्यावर त्यानं हाका मारायचं थांबवलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमी सायबांच्या कोन?"

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग त्यानं स्वतः पुढचं दार उघडलं, फडक्यानं सीट पुसली आणि म्हणाला, बसा ताई, पुढं बसा, सायेब हितंच बसायचे.

मी बसले. पर्स पुढे धरली. जीप रिकामी होती, पण माझ्यामागे एक जोडपं चढलं, मग कारखान्यातली पहिली पाळी संपवून निघालेली मुलं, मग एक भाजीवाली. लवकरच मागे माणसांच्या मांड्या एकमेकींवर आल्या. मी समोर पाहत होते आणि मनात उरवड्याचा रस्ता येत होता. अप्पा तिथे कुणाकडे जात असतील, त्या घरात मला काय म्हणतील, आणि हे सगळं संध्याकाळी मी गोजराबाईंना किती थोडक्यात आणि किती सहज सांगेन.

तेवढ्यात एक पागोटेवाले आजोबा दाराशी आले. कैलास खिडकीशी आला, आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाला, "ताई, उतरा आता. मागची गाडी लागलीय."

मी त्याला सांगितलं, की मला उरवड्याला जायचं आहे, जिथे अप्पा जायचे तिथे.

"सायेब कवाच गेले न्हाईत उरवड्याला," कैलास म्हणाला.

सगळी जीप ऐकत होती. माणसं इतकी दाटीनं बसली असली की ऐकण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नसतं. मग मागच्या भाजीवालीनंच मला उलगडून सांगितलं. रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत नाही, कारण ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि बसून राहायला कुणाला वेळ नसतो. दोन-तीन माणसं आत दिसली की चौथं चढतं. म्हणून चालक आपली माणसं आधी बसवतात. गाडी भरली की ती उतरतात आणि मागच्या गाडीत जाऊन बसतात. सायेब म्हणजे त्यात सर्वांत भारी. चष्मा, पेनं आणि इस्त्रीचा शर्ट बघून लोकांना वाटायचं, एवढा मोठा माणूस बसलाय म्हणजे गाडी आता सुटणारच.

थोडक्यात, माझे वडील आमिष होते. ज्यांनी कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही, ते निवृत्तीनंतर दररोज पिरंगुटच्या चौकात बसून न निघणाऱ्या गाड्या निघणार असल्याचा देखावा करत होते. आणि मलाही आत्ता तसंच वापरून झालं होतं. मी उतरले. पागोटेवाले आजोबा माझ्या जागेवर बसले, जीप धूर सोडून उरवड्याला गेली. मी रस्त्यात.

अशा वेळी गोजराबाई यायला नको होत्या, म्हणून त्या आल्याच. हातात पिशवी, पिशवीतून मेथीच्या जुड्या बाहेर. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचाही मला राग आला. त्या मागे लागलेल्या जीपच्या मधल्या रांगेत जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघू लागल्या. बघता बघता तीन माणसं चढली.

मी शांतपणे त्यामागच्या तिसऱ्या जीपकडे गेले आणि पुढच्या सीटवर बसले. आमिषाची मुलगी म्हणून माझा काही वारसा होता की नाही?

गोजराबाईंची जीप भरून गेली, त्या उतरल्या, चौथ्या जीपमध्ये बसल्या, तीही भरत आली. माझ्या जीपमध्ये कुणी येईना. लोक जवळ यायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढच्या गाडीत जायचे. मी पर्समधून पुस्तक काढलं, कारण दुर्लक्षित असताना पुस्तक वाचणं हा माझा जुना उपाय आहे. त्यावर माझ्या जीपचा चालक हात जोडून म्हणाला, ताई, ते पुस्तक आत ठेवा, माणसांना वाटतं गाडी रातीला सुटंल. मी पुस्तक ठेवून निघायची घाई असल्यासारखा चेहरा केला. तो पाहून एक बाई, आत साहेबीण कसली तरी चौकशी करायला बसलीय, असं नवऱ्याला सांगत निघून गेली.

आणि खरंच चौकशी आली. एक हवालदार मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी माझ्या चालकाकडे परवाना मागितला, तो सापडेना, तेव्हा ते माझ्याकडे वळले. सुशिक्षित दिसणाऱ्या बाईला विचारलं म्हणजे खरं कळेल, हा त्यांचा विश्वास मला सन्मानाचा वाटला. कुठे निघालात, त्यांनी विचारलं. मला खोटं बोलता येत नाही, निदान विचार करायला वेळ दिल्याशिवाय येत नाही. मी म्हटलं, कुठेच नाही. मग गाडीत का बसलात? मी म्हटलं, असंच. हवालदारांनी टोपी मागे सारून विचार केला. कुठेही न जाणारी बाई ही प्रवासी होत नाही, आणि प्रवासीच नसेल तर बेकायदा प्रवासी वाहतूक कसली, अशा काहीशा पेचात ते पडले असावेत. शेवटी त्यांनी चालकाला, यांना घरी पोचव, असं दयाळूपणे सांगितलं आणि ते गेले. चौकातल्या सगळ्या चालकांनी मला चहा पाजला. एवढा सन्मान मला कॉलेजात अजून मिळालेला नाही.

गोजराबाई चहाचा ग्लास घेऊन माझ्या जीपपाशी आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. आता मला राहवेना. मान न वळवता मी त्यांना विचारलं, की अप्पा हे का करायचे. माझी गाडी दारात उभी असताना, इथे येऊन, दुसऱ्यांच्या न सुटणाऱ्या जीपमध्ये का बसायचे.

त्यांनी चहाचा ग्लास सीटवर ठेवला. मग म्हणाल्या, "माझं माहेर उरवडं. तुला ठाऊक न्हाई?"

नव्हतं.

"माझ्या बापाची बैलगाडी हुती. पौडच्या बाजाराला जायाची. सायेब पौडच्या शाळंत हुते, तुझ्या आज्ज्यानं हट्टानं घातलेले. गाडी रिकामी असली तरी त्यांना कुनी बस म्हनायचं न्हाई. तुमच्या वस्तीतल्या पोरांनी गाडीच्या मागनं चालायचं. धुरळा सगळा तोंडावर. मी पुढं, बापाच्या शेजारी बसलेली असायची. मागं वळून बगायची."

चहावर साय धरली होती.

"हितं आमी पयल्यांदा आलो, रेशनच्या कामाला," त्या म्हणाल्या. "कैलास वरडला, सायेब, पुढं बसा, तुमी बसल्याशिवाय गाडी भरायची न्हाई. सायेब बसले. दुसऱ्या दिवशी काम नसताना परत आले."

मी काहीतरी बोलायला हवं होतं, काहीतरी मोठं. पण मनात आलं ते एवढंच, आणि तेच तोंडून गेलं, की अप्पांनी हे तुम्हाला सांगितलं, मला का नाही सांगितलं.

"मला कुटं सांगितलं?" गोजराबाई म्हणाल्या. "मी बगितलं हुतं."

त्यानंतर आम्ही दोघी त्या जीपमध्येच बसून राहिलो. मला थोडं हलकं वाटलं आणि थोडा नवा मत्सरही वाटला, कारण मला अप्पांचं बालपण कितीही रजा टाकली तरी बघता येणार नव्हतं आणि ह्या बाईनं ते गाडीत बसून बघितलं होतं. गोजराबाई अधूनमधून डोळ्यांना पदर लावत होत्या. मी चष्मा पुसला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन बायका माहेराहून निघाल्यासारख्या दिसल्या असाव्यात, कारण एक बाई लेकराला घेऊन दाराशी आली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहून चुकचुकली आणि गाडी लगेच सुटेल ना, असं विचारलं.

मी म्हटलं, "लगेच. या, बसा."

ती बसली. तिच्यामागे चार जण चढले. गोजराबाई माझ्याकडे पाहत होत्या. सायेब असंच म्हणायचे, त्या म्हणाल्या, आणि मला बरं वाटायच्या आत पुढे म्हणाल्या, पन ते हसून म्हनायचे.

जीप भरली. चालकानं खूण केली तशी आम्ही उतरलो. मागे नवी, पूर्ण रिकामी जीप येऊन लागत होती आणि कैलास, फेरी मारून परतलेला, लांबूनच ओरडत होता, की ताई, मावशी, या, पुढं बसा. गोजराबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, शिवाय हातात पिशवी होती. मी त्यांना हात देऊ शकले असते. मी धावले. साडी वर धरून, चौकातल्या सगळ्या चालकांसमोर, माझ्या वयाच्या ग्रंथपालानं धावू नये तशी धावले आणि पुढच्या सीटवर चढून खिडकीला टेकून बसले.

गोजराबाई धापा टाकत आल्या, माझ्या अंगावरून पलीकडे गेल्या, मधे बसल्या आणि मेथीची पिशवी निम्मी माझ्या मांडीवर ठेवली. मग श्वास सावरला तसं म्हणाल्या, "सायेब मला खिडकी द्यायचे."

हे खरं असेल, नसेलही. आता विचारायला अप्पा नाहीत. मी खिडकी सोडली नाही.